रिकाम्या खाटेला दिलेले निरोप

प्रिय सई आणि अनिकेत,

हे मी तुमच्या आईला टाईप करायला दिलं आहे आणि दोघांना एकदमच पाठव म्हणून बजावलं आहे. आधी एकाला, मग दुसऱ्याला, असं नाही.

कालपरवापर्यंत तुम्ही दोघं बहीणभाऊ परदेशात एका घरात राहत होतात. आता सई मैत्रिणीकडे राहायला गेली आहे, आणि तुम्ही मला वेगवेगळे फोन करता. फोन कुणाचाही असो, शेवट तोच — "आजी, तू सांग ना त्याला." "आजी, तिला तूच सांग." सुरुवातीला मला गंमत वाटली. आता वाटत नाही. हे काम मी पूर्वी एकदा केलेलं आहे, कॉलेजात असताना, आणि त्यातून जे झालं ते मी फक्त तुमच्या आजोबांना सांगितलं होतं. ते "हं" म्हणाले आणि त्यांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं. आता ते नाहीत, आणि मलाही फार थांबून चालणार नाही.

तुम्ही मला ओळखता. आयुष्यभर मी मुलांना इंग्रजी वाक्यांचं पृथक्करण शिकवलं. तुमच्या बाबाची कधी दृष्ट काढली नाही, दाराला लिंबू-मिरची बांधली नाही. आपल्या भागात भानामतीच्या गोष्टी घरोघर, पण माझा कशावरच विश्वास नव्हता... आणि खरं सांगायचं तर आजही नाही. म्हणून जे झालं ते फक्त क्रमानं सांगते.

तेव्हा निजामाचं राज्य होतं. परभणी जिल्ह्यात मुलींसाठी कॉलेज नव्हतं, मुलांसाठीही नव्हतं. मॅट्रिक झाल्यावर आप्पांनी — म्हणजे माझ्या वडिलांनी — भावकीचा विरोध पत्करून मला हैदराबादला इंटरला, म्हणजे आताच्या अकरावी-बारावीला पाठवलं. मुलींच्या वसतिगृहात वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत आम्ही तिघी होतो. खिडकीखाली लीला, दाराजवळ कुसुम आणि मधल्या खाटेवर मी.

लीला औरंगाबादच्या वकिलाची मुलगी. मनात आलं की तोंडात आलं, अशी. कुसुम सेलूच्या कापूस-व्यापाऱ्याची. हुशार, हसरी, पण एकदा मनाला लागलं की मिटून जाणारी. दोघींचं इतकं सूत होतं की एकीच्या केसांना दुसरी तेल लावत असे, आणि मी मध्ये पडून वाचत असे.

दिवाळीनंतर कुसुमला घरून निरोप आला. स्थळ आलं आहे, चार दिवस येऊन जा. तिनं रडत आम्हाला दोघींना सांगितलं, "एकदा घरी गेले ना, की परत येणं नाही. चार दिवस म्हणतात, पण लग्न लावूनच देतील. कुणाला सांगू नका." मी गप्प राहिले. लीलाला राहवलं नाही. तिनं चांगल्या हेतूनं वसतिगृहाच्या सुपरिंटेंडेंटबाईंना सांगितलं, आणि बाईंनी कुसुमच्या वडिलांना खरमरीत शब्दांत कळवलं की मुलीचं शिक्षण मध्येच तोडू नका. वडील भडकले. घरातली गोष्ट परक्या बाईच्या कानावर गेलीच कशी? आता चार दिवसांचा प्रश्न उरला नाही. मामा कामासाठी हैदराबादला येतील, त्यांच्याबरोबर सामानासकट निघून ये, असं त्यांनी कळवलं.

बाई कुसुमला म्हणाल्या, "तू फक्त ‘जात नाही’ म्हण. पुढचं मी बघते." म्हणजे थांबायची वाट होती. पण कुसुमचं मन मोडलं होतं. "ज्या खोलीत माझं म्हणून सांगितलेलं राहत नाही, तिथं कुणासाठी राहू?" असं ती मला म्हणाली. आणि लीलाशी तिनं अबोला धरला.

आपल्याकडच्या अबोल्याची एक रीत आहे. बोलायचं नाही, पण सांगायचं सगळं — तिसऱ्यामार्फत. लीला तीन हातांवर बसलेली असताना कुसुम मला म्हणायची, "सांग गं तिला, खिडकी लाव म्हणावं, थंडी वाजते."

लीला खिडकीतून नजर न वळवता म्हणायची, "सांग तिला, थंडी वाजते तर दोन पांघरुणं घे."

"सांग तिला, दुसरं पांघरूण माझंच आहे, तिच्या अंगावर आहे ते."

मग लीला पांघरूण काढून माझ्या खाटेवर टाकायची आणि ते मी पुढे टाकायचं. पुढच्या खोलीतल्या मुली हे पाहायला येत. त्यांनी माझं नाव ‘वकीलसाहेब’ ठेवलं. राजेरजवाड्यांच्या दरबारी निरोप नेणारा वकील असतो ना, तसा.

या कामात मी तरबेज झाले होते. जहाल निरोप मी जसाच्या तसा देत नसे. दुपारी कुसुम मला एकटीला म्हणाली, "सांग तिला, तिचं तोंड पाहायची इच्छा नाही," की संध्याकाळी मी लीलाला सांगे, "तिला अजून वाईट वाटतंय गं. जरा दम धर." लीला काही फणकारली, की कुसुमपर्यंत पोचेतो त्यातलं निम्मं मी रस्त्यातच सांडलेलं असे. अशानं कुसुमचं जाणं लांबत होतं. मामा एकदा येऊन गेले, तेव्हा तिनं परीक्षेचं निमित्त सांगून त्यांना परत पाठवलं. मला वाटलं, निभावलं.

आणि मला हिवताप भरला. आप्पा येऊन मला गावी घेऊन गेले. निघताना मधली खाट रिकामी झाली, एवढंच माझ्या डोळ्यांना दिसलं.

आमचं गाव टाकळी. टाकळी नावाची गावं आपल्याकडे ढीगभर आहेत. ही पिंगळी स्टेशनापासून बैलगाडीनं तासाभरावरची. पौष महिना होता. कोयनेलनं, म्हणजे क्विनीननं, ताप उतरला होता, हे मुद्दाम सांगते. अंगात शक्ती नव्हती, पण डोकं स्वच्छ होतं.

एका दुपारी ओसरीवर आई, आत्या आणि मी तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. मी मोठ्यानं म्हणाले, "सांग तिला, खिडकी उघडी ठेवली तर माकडं येतात."

आईनं वर पाहिलं. "कोणाला सांगू?"

"काय?"

"तूच बोललीस की आत्ता. कोणची खिडकी गं? आपल्या घराला खिडकी हाय का कुठं?"

मला बोलल्याचं कळलं होतं. पण का बोलले ते कळेना. शिंक यावी तसं ते वाक्य तोंडातून आलं होतं. मी काही उत्तर देणार, तोच पुन्हा — "सांग तिला, माकडं आली तर मला बरंच आहे, निदान कुणी बोलेल तरी."

आत्याच्या हातातली शेंग खाली पडली. आत्या विधवा, आप्पांहून मोठी. घरात तिचा शब्द चाले. ती आईला म्हणाली, "ही हिची बोली न्हाई. ऐक नीट. हिच्यातून दुसरंच कोणी बोलायलंय."

ती चुकत नव्हती. शब्द माझ्या आवाजात होते, पण पहिलं वाक्य कुसुमसारखं तुटक आणि दुसरं लीलासारखं वरच्या पट्टीत होतं.

त्यानंतर ते रोज येऊ लागलं. बहुतेक दिवेलागणीला, कधी भरदुपारी. "सांग तिला, माझी फणी परत कर." "सांग तिला, फणी तिच्याच उशीखाली आहे, डोळे उघडून बघ." "सांग तिला, मी बाईंना सांगितलं ते तिच्यासाठी." "सांग तिला, माझ्यासाठी काही करू नकोस म्हणावं, उपकार झाले." मी तोंड दाबून धरलं तर छाती दाटून यायची, आणि मग ते आणखी जोरात बाहेर पडायचं. आणि यातलं काही मी सांडू शकत नव्हते, गोड करू शकत नव्हते. जसं येई तसंच्या तसं — आणि पोचत कुठंच नव्हतं. आमच्या ओसरीवर तुरीच्या टरफलांत पडून राहत होतं.

आत्या म्हणाली, "पोरीला लागीर झालंय. दर्ग्यातल्या मुजावराकडं न्यावं लागतंय."

आप्पा उर्दू शाळेत शिकलेले, उर्दू अखबार वाचणारे. ते म्हणाले, "तापाचं वारं हाय. उतरंल."

"ताप उतरून किती दिस झाले, आप्पा? शिकवायला धाडली अन् ही अशी आली. आता कालेज बस करा."

 आप्पांच्या चेहऱ्यावरून मला कळलं की तेही त्याच दिशेला सरकायलेत.

मग ती संध्याकाळ. आई देवापाशी दिवा लावत होती. मी उंबऱ्यात बसले होते आणि अगदी सावकाश, कुसुमच्या लयीत म्हणाले, "सांग तिला, मामा आलेत. उद्या संध्याकाळच्या गाडीनं मी निघते. एकदा जरी थांब म्हणाली, तर पेटी उघडते."

मी उत्तराची वाट पाहत राहिले. लीलाचं काहीतरी यायला हवं होतं. फणकाऱ्याचं तरी. आई जेवायला वाढून बसली, तरी मी उंबऱ्यातच. काही आलं नाही. रात्र झाली, सकाळ झाली... काही नाही.

मी आप्पांपाशी रडले. "तार करा हैदराबादला."

"तारेत काय लिहू? अन् कोणाच्या सांगण्यावरून?"

खरंच होतं. शिवाय वसतिगृहातली तार आधी सुपरिंटेंडेंटबाई फोडत. म्हणजे कुसुमची गोष्ट पुन्हा एकदा त्यांच्याच हातात. ते मला नको होतं. मी म्हणाले, "आप्पा, ती गाडी रात्रभर चालून सकाळी पिंगळीवरूनच सेलूला जाते. मला पिंगळीला न्या."

आप्पांनी बराच वेळ सुपारी कातरली. मग म्हणाले, "न्हेतो. पण ऐक पोरी. गाडी आली अन् त्यात ती नसली, तर आत्या म्हणंल तसं करायचं. मुजावरबी अन् कालेज बंदबी. कबूल?"

मी कबूल म्हणाले. आणि तुम्हाला सांगते, बैलगाडीत बसताना मी मनोमन म्हणत होते की कुसुम त्या आगगाडीत नसू दे. माझं कॉलेज गेलं तरी चालेल, पण ती हैदराबादलाच असू दे.

दुसऱ्या दिवशी निघालो तेव्हा सकाळ कोवळी होती. रस्त्यानं दोन्ही अंगांना ज्वारी कणसावर आली होती. आप्पांनी स्वतः बैल हाकले, गडी घेतला नाही. स्टेशनावर आम्ही आणि एक धनगर कुटुंब, दोन करडं पोत्यात घालून बसलेलं. करडांची तोंडं तेवढी पोत्याबाहेर.

गाडी आली. मी जनाना डब्यापाशी पळाले, म्हणजे पळायचा प्रयत्न केला. तिसऱ्या खिडकीत कुसुम होती. गालावर कोळशाची काजळी, मांडीवर बोचकं.

"अगंबाई! वकीलसाहेब!" ती खिडकीच्या गजांना येऊन चिकटली. "किती वाळलीस गं! बरी आहेस ना? आणि तुला कुणी सांगितलं मी या गाडीला आहे म्हणून?"

"तूच सांगितलंस. परवा दिवेलागणीला. थांब म्हणाली तर पेटी उघडते म्हणालीस."

तिचं हसू हळूहळू गेलं. "ते मी तुझ्या खाटेशी बोलले होते," ती म्हणाली. "लीला दाराबाहेर होती. तिला ऐकू जावं म्हणून. सवय लागलीये ना आम्हाला... तू गेलीस तरी आम्ही तुझ्या खाटेलाच सांगतो." मग थांबून, "तिनं लिहिलं तुला?"

आता मी काय सांगणार होते? मी खिडकीचा गज धरला आणि म्हणाले, "लीला म्हणाली, जाऊ नकोस. इथंच उतर. आप्पा आहेत, आम्ही तुला परत पोचवतो."

"असं म्हणाली?"

"हो."

"कधी?"

मी गजावरची काजळी बोटानं पुसू लागले.

"कसं म्हणाली? तिच्या शब्दांत सांग बघू."

माझ्या तोंडात लीलाचा एक शब्द येईना. इतके दिवस नको तेव्हा माझ्यातून बोलणाऱ्या दोघी त्या क्षणी अगदी मुक्या होत्या.

कुसुमनं माझ्या हातावर हात ठेवला. "तू नेहमी गोड करून सांगतेस. मला पहिल्यापासून माहीत होतं. बरं वाटायचं म्हणून ऐकत होते." तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज शांत होता. "तुझा दोष नाही गं. पण आता गोड नको."

शेजारच्या डब्याच्या दारातून तिच्या मामांनी डोकं काढलं. "कोण हाय गं कुसुम?"

"मैत्रीण आहे, मामा."

शिट्टी झाली. मी गजाबरोबर थोडी चालले, मग आप्पांनी मला मागून धरलं. गाडी परभणीच्या दिशेनं वळणाआड गेली आणि मागं नुसता धूर राहिला.

परतताना आप्पांनी बैल सावकाश हाकले. त्यांनी कुसुमला डोळ्यांनी पाहिलं होतं. अर्ध्या रस्त्यात, ओढ्याच्या अलीकडे, माझी छाती दाटून आली. आणि मी लीलाच्या आवाजात, पण तसा आवाज मी लीलाच्या तोंडून कधी ऐकलेला नव्हता, म्हणाले —

"सांग तिला, जाऊ नकोस म्हणावं. मी बाईंना सांगते, ते सगळं मीच रचलं होतं. तिच्या वडिलांनाही तसंच सांगते. खोटी पडले तर पडले. सांग तिला, थांब."

आप्पांनी कासरे ओढले. बैल उभे राहिले. आप्पांनी मान वळवून मागं पाहिलं, स्टेशनाकडं. धूर केव्हाच विरला होता. मी त्यांना म्हणाले, "आप्पा, वळवा. परभणीला जाऊ. सेलूला जाऊ."

"बैलांनी गाडी न्हाई गाठता येत, पोरी," ते म्हणाले. आणि बराच वेळ कासरे तसेच हातात धरून बसले.

तेव्हापासून माझं बोलणं बंद झालं. म्हणजे त्यांचं, माझ्यातलं.

घरी गेल्यावर आप्पा आत्याला एवढंच म्हणाले, "मुजावराचं काम न्हाई हे." महिन्याभरानं त्यांनीच मला हैदराबादला पोचवलं. दाराजवळची खाट रिकामी होती. मी लीलाला क्रमानं सगळं सांगितलं. माकडं, फणी, पांघरूण, उपकार. ती भिंतीला टेकून ऐकत होती. एकही वाक्य चुकलेलं नव्हतं. फक्त एक तिनं ऐकलेलं नव्हतं, पेटीचं. "मी दाराबाहेर नव्हते गं," ती म्हणाली. "मी खाली जेवायला गेले होते. दुसऱ्या दिवशी ती मामांबरोबर निघाली, तेव्हा मी खिडकीत पाठ करून उभी होते. वाटलं, एकदा तरी हाक मारेल."

"आणि ती गेल्याच्या दुसऱ्या सकाळी?"

लीला माझ्या खाटेकडे बघत सांगू लागली. रात्रभर तिचा डोळा लागला नव्हता. उजाडल्यावर ती माझ्या खाटेवर येऊन बसली होती आणि ओढ्याजवळ माझ्या तोंडून आलं तेच तिनं म्हटलं होतं. खोलीत तेव्हा दुसरं कुणी नव्हतं.

ती मग खरोखरच बाईंकडे गेली, सेलूलाही कळवलं. पण फाल्गुनात कुसुमचं लग्न झालं. ती खानदेशात गेली. आमचे निरोप तिच्यापर्यंत पोचू दिले गेले नसावेत.

मी तिला पुन्हा भेटले तेव्हा आम्ही दोघी आजी झालो होतो. ती परभणीला कुणाकडे तरी आली होती, पत्ता काढत माझ्याकडे आली. चहा झाल्यावर मी तिला लीलाचं वाक्य सांगितलं, तिच्याच शब्दांत. या वेळी काही गोड केलं नाही. कुसुमनं ऐकलं. कपाची कड बोटानं पुसत राहिली. मग म्हणाली, "आता कुठं ठेवू गं मी हे?"

मी तिच्या कपात आणखी थोडा चहा ओतला.

मी खूप विचार केला आहे. कोयनेलनं कान वाजतात, हे मला माहीत आहे. दोघींचे स्वभाव मला पाठ होते. अंदाजानं मी निम्मं बोलले असेन, हेही मानते. पण माकडं मी असताना कधी आली नव्हती. आणि ओढ्याजवळचं ते वाक्य... लीला असं काही म्हणेल, असं माझ्या स्वप्नातही आलं नसतं. मला याचा उलगडा झालेला नाही, आणि आता होईल असं वाटत नाही.

मग तुम्हाला हे आत्ता का सांगते? गेल्या आठवड्यात दुपारी मी तांदूळ निवडत होते. तुमची आई समोर होती, तिला विचारा. मी मोठ्यानं म्हणाले, "सांग तिला, कुलूप बदललेलं नाही." आईनं विचारलं, "कसलं कुलूप?" मला माहीत नव्हतं. तुमच्यापैकी कुणी मला कुलुपाबद्दल काही बोललेलं नव्हतं.

सई, हे कुणाचं आहे ते मला माहीत नाही. मी त्यात काही घातलेलं नाही आणि काही काढलेलं नाही. अनिकेत, तुझं असेल तर यापुढचं तू स्वतः सांग. मी आता कुणाचा निरोप नेणार नाही. माझ्याच्यानं आता होत नाही.

लीला गेली, कुसुमही गेली. वसतिगृहाची ती इमारत पाडली म्हणे. आमच्या टाकळीच्या घराची ओसरी खचली आहे. पिंगळीचं स्टेशन मात्र आहे, आणि पॅसेंजर तिथं अजून थांबते.

— आजी